मारबत आणि बडग्या : मिरवणुकीच्या चित्ररथांतील दडलेले संदर्भ

प्रस्तावना

मिरवणुकीतील चित्ररथ हा पाहण्याचा प्रकार मानला जातो, वाचण्याचा नव्हे. त्यामुळे मराठी समीक्षेने लावणी, भारूड, गोंधळ आणि तमाशा यांची संहिता म्हणून जितकी दखल घेतली, तितकी रस्त्यावरून पुढे सरकणाऱ्या बाहुल्यांची, सोंगांची व देखाव्यांची घेतली नाही. वस्तुतः चित्ररथ हीदेखील एक संहिताच असते. तिच्यात उघड अर्थ असतो तसा दडवलेला अर्थही असतो. सर्वांना कळणारी थट्टा असते, तशी त्या गल्लीतल्या चार घरांनाच कळणारी खूणही असते. नागपूरच्या मारबत-बडग्याच्या मिरवणुकीच्या आधारे या दडलेल्या खुणांचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय जाफराबादच्या दृष्टीनेही परका नाही. केळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरील हे गाव मराठवाड्यात असले, तरी तालुक्याची शीव विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याला भिडलेली आहे. पोळा दोन्हीकडचा. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळी बाशिंग असा सजलेला बैल वेशीतून मारुतीच्या देवळाकडे नेला जातो. अलीकडच्या काळात बैलाच्या पाठीवर कर्जमाफीपासून पिकाच्या भावापर्यंत काहीबाही रंगवलेलेही दिसते. विदर्भात पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात आणि त्यांत महादेव-पार्वतीच्या नमनानंतर थेट सावकार, पुढारी आणि सरकार यांच्यावर घसरण्याची मुभा असते. मात्र बैल घरी येऊन पुरणपोळीचा घास खाल्ला की मराठवाड्यातील पोळा बहुतांशी संपतो. नागपुरात दुसऱ्या दिवशी खरी गंमत सुरू होते.

दडवण्याचे दोन प्रकार

चित्ररथात काहीतरी लपवून ठेवण्याची हौस जगभर आढळते. अमेरिकेतील डिस्नेलँड या मनोरंजन उद्यानात १९७२ साली विद्युत्‌दिव्यांच्या रथांची रात्रीची मिरवणूक सुरू झाली. या कंपनीच्या उद्यानांत एक खेळ रूढ आहे. एक मोठे वर्तुळ आणि त्यावर दोन लहान वर्तुळे, म्हणजे मिकी या उंदराचे डोके, कुठल्यातरी नक्षीत, जाळीत किंवा चाकाच्या कोरीव कामात हळूच बसवायचे आणि प्रेक्षकांनी ते हुडकून काढायचे. ही खूण सापडल्याचा आनंद खोटा नसतो. पण सापडते ती कंपनीची मुद्राच. प्रेक्षक पुन्हा आला, पुन्हा तिकीट काढले, तर त्याला आणखी एक खूण सापडेल, एवढाच त्या लपंडावाचा आशय. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारख्या उद्यानातील मिरवणुकीनेही हाच नमुना समोर ठेवला. तेथे रथ मालकाचा असतो आणि विनोदही मालकाच्या संमतीचा.

याच्या दुसऱ्या टोकाला सक्तीने दडवलेला अर्थ येतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या ठिकाणी भारत आणि भीमाच्या ठिकाणी जहाल पक्ष हा अन्वय प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. सरकारलाही तो उमगला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. येथे लपवणे हा खेळ नव्हता, ती गरज होती. मारबतीची मिरवणूक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. ती नेमकी कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

काळी, पिवळी आणि बांकाबाई

काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सुरू झाल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी निघतात, इतवारी परिसरातील शहीद चौकात त्यांची गाठ पडते आणि शेवटी गावाबाहेर त्यांचे दहन होते. ‘घेऊन जा गे मारबत’ या हाळीबरोबर रोगराई, इडापिडा आणि वर्षभराचे जे काही नकोसे असेल ते तिच्या पदरात घातले जाते. पिवळीची पूजा होते, तिला नवस बोलले जातात; काळीच्या वाट्याला शिव्याशाप येतात.

काळ्या मारबतीच्या संदर्भात दोन कथा प्रचलित आहेत. एक पूतनेची. दुसरी नागपूरच्या भोसले घराण्यातील बांकाबाईंची: बांकाबाई इंग्रजांना मिळाल्या, म्हणून संतप्त नागपूरकरांनी त्यांचा पुतळा काढला आणि त्यांना न अडवणाऱ्या पतीचा बडग्या केला. वृत्तपत्रांपासून मार्गदर्शिकांपर्यंत ही कथा दरवर्षी पुनरुक्त होते. मिरवणुकीतील हाच सर्वांत प्रसिद्ध दडलेला संदर्भ. तो सांगितला की ऐकणाऱ्याला आपणही आतल्या गोटातले झाल्यासारखे वाटते.

परंतु सनावळी पाहिली की ही कथा अडखळते. बांकाबाई या रघुजी भोसले दुसरे यांच्या पत्नी. रघुजींचे निधन १८१६ साली झाले. १८१८ मध्ये अप्पासाहेब पदच्युत झाल्यानंतर अल्पवयीन रघुजी तिसरे यांच्या नावाने कारभार पाहण्याची जबाबदारी बांकाबाईंकडे आली. रघुजी तिसरे १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या धामधुमीत बांकाबाईंनी इंग्रजांच्या बाजूने वजन टाकले, हे खरे. मात्र तोपर्यंत ज्या पतीने त्यांना आवरायला हवे होते, त्याच्या मृत्यूला चार दशके उलटून गेली होती. बडग्या म्हणजे बायकोला न अडवणारा नवरा, ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

मग ती रुजली कशी? राज्य गेले, राजवाड्यातील जडजवाहीर कोलकात्यात लिलावात निघाले आणि शहराच्या अभिमानाला जी ठेच लागली, तिला चेहरा हवा होता. डलहौसीचा पुतळा १८८१ साली इतवारीतून मिरवणे सोपे नव्हते. राजघराण्यातील वृद्ध विधवेचा पुतळा मिरवणे तुलनेने निर्धोक होते. शिवाय रोग घेऊन जाणारी स्त्रीमूर्ती परंपरेत तयारच होती. विदर्भातील खेड्यांत पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ते मारबतीबरोबर शिवेबाहेर नेऊन टाकले जातात. या ग्रामीण विधीत बांकाबाईंचा मागमूस नाही. यावरून मूळ विधी रोगनिवारणाचा असावा आणि राजकीय कथा त्यावर नंतर चढवली गेली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

समीक्षेच्या दृष्टीने येथे एक अडचणीचा मुद्दा उपस्थित होतो. थट्टेचा विषय जिवंत आणि सत्तेवर असतो तेव्हा दडलेली खूण ही दुबळ्याची ढाल असते. तो विषय मरून गेल्यावर आणि बाजू मांडणारे कोणी उरले नसताना तीच खूण नुसती बदनामी ठरते. नवऱ्याने आवर न घातलेली बाई हा आशय बांकाबाईंविषयी काही सांगत नाही, कथा सांगणाऱ्यांविषयी बरेच सांगतो. पेशवाईच्या इतिहासात आनंदीबाईंच्या वाट्याला जे आले, त्याच कुळातील ही गोष्ट आहे.

बडग्याचे वाचन

मारबत दोन, बडग्ये मात्र दरवर्षी नवे आणि अनेक. खरी कल्पकता त्यांच्यातच असते. बांबूच्या कामट्या, कागद, तणस आणि जुने कपडे यांतून हा पुतळा उभा राहतो. त्याच्या गळ्यात फाटक्या चपलांची माळ, हातात झिजलेला झाडू, अंगावर फुटके डबे असा साज असतो. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, शहरातील खड्डे, राज्यातील एखादा नवा घोटाळा असे त्याचे विषय. २०२० साली महामारीमुळे नेहमीची मिरवणूक निघू शकली नाही, त्या वर्षी रोगराई नेणारी बाहुली स्वतःच रोगामुळे अडकून पडली. हा योगायोग कोणत्याही बडग्याच्या तोडीचा होता.

बडग्याची भाषा वस्तूंची आहे. झाडू ही अवदसेची खूण, चपलांची माळ ही अपमानाची. हे सर्वांना कळते. पण पुतळ्याच्या टोपीची ठेवण, चष्म्याची काडी, पोटाचा घेर, उपरणे टाकण्याची तऱ्हा यांतून जो सूचित होतो तो माणूस नाव न घेता ओळखू येतो. गल्लीच्या पातळीवर हे अधिक सूक्ष्म होते. मुलांनी केलेल्या लहानशा बडग्याला कोणाचा सदरा चढवला आहे, हे त्या आळीतच कळते आणि तेथेच हशा पिकतो. चौकात पोहोचेपर्यंत तो सदरा फक्त सदरा होतो. संवाद नसल्यामुळे आक्षेप घेणाऱ्याची पंचाईत होते: हा पुतळा माझा आहे, असे म्हणायचे तर साम्य आधी आपणच मान्य करावे लागते. व्यंग्याची ही फार जुनी आणि फार चोख युक्ती आहे.

गेल्या काही दशकांत मात्र बडग्याच्या गळ्यात फलक आला. आधी हाताने लिहिलेला, मग छापील, पुढे छायाचित्रासह. नाव, पद, आरोप, सारे ठळक अक्षरांत. यात निर्भयता आहे, हे नाकारता येणार नाही. पण ओळखण्याचे काम प्रेक्षकाकडून काढून घेतले गेले. पुतळा फलक अडकवण्याची खुंटी झाला. मोठ्या शहरात बाहेरचा प्रेक्षक वाढला की त्याला समजेल असे लिहावे लागते, हा बचाव खरा असला तरी पुरेसा नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातील राज्यांच्या चित्ररथांवर राज्याच्या नावाखेरीज मजकूर लिहिता येत नाही. त्या सरकारी चौकटीत थट्टेला वाव नसला, तरी आशय आकृतीतूनच पोहोचवावा लागतो, ही शिस्त बडग्याच्या कारागिराला उपयोगी पडली असती. शासनाच्या नियमाकडून लोककलेने काही घ्यावे, हे सुचवणे विचित्र वाटेल. तरी ते येथे लागू पडते.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील इंत्रुजात सासष्टीतील खेळ गावाच्या व्यंगांवर बोट ठेवत गावातच फिरत. १९६५ च्या सुमारास पणजीत किंग मोमोची चित्ररथ-मिरवणूक सुरू झाली. पुढे पर्यटन, प्रायोजक व बक्षिसे आली आणि रथांवर जाहिरातींना जागा मिळाली. खूण मालकाची होते ती अशी. मनोरंजन उद्यानाकडे जाणारा हा रस्ता नागपूरने अद्याप धरलेला नाही. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातील विडा येथे धुळवडीला जावयाची गाढवावरून धिंड निघते, जालना शहरात हत्ती रिसाल्याचा राजा मिरवतो. या सोंगांतही कोण कोणाला का हसते, हे तेथील माणसालाच ठाऊक असते.

मारबतीच्या अभ्यासातील खरी अडचण तिच्या नश्वरतेची आहे. दिवस मावळेपर्यंत बडग्ये जळून जातात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून येतो तो फलकावरचा मजकूर, कारण छायाचित्रात तोच वाचता येतो. बडग्या कोणत्या आळीचा, कोणाच्या हातचा, अंगावरचे कपडे कोणाच्या घरचे, पुतळा कोणत्या दारासमोर थोडा जास्त वेळ थांबला आणि तेव्हा कोण हसले नाही, याची नोंद छायाचित्रातून होत नाही. ती त्याच दिवशी, त्याच आळीत उभे राहून करावी लागते.