सनदेतले घराणे

बीडकडील घराण्यांचे कुलवृत्तांत वाचताना आम्हांस एक गोष्ट वारंवार खटकते: लेखक सनदेपाशीच थांबतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कागद फारशी, उर्दू वा मोडीत. ते लावणे कष्टाचे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सनद असो की मुंतखब, त्यातून इनाम कोणाचे एवढेच कळते. ती जमीन कसली कोणी, घरात लेकीसुना कोण होत्या, हे कसे कळावे? निजामी राज्याची पहिली खानेसुमारी १८८१ ची. तिच्या छापील कोष्टकांत माणसे आहेत, नावे नाहीत! मग वंशवृक्षावर पुरुषांचीच रांग लागते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या लेखकाने एकदा तरी उघडावयास हव्या होत्या.