घरपट्टीचे बिल आणि एक भाषण

वेल्श लोकांच्या इतिहासात १९६२ हे साल ना लढाईचे, ना राज्यारोहणाचे. ते एका रेडिओ-भाषणाचे आहे. त्या वर्षी १३ फेब्रुवारीस नाटककार सॉन्डर्स लुईस बी.बी.सी.वरून वेल्शमध्ये ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर बोलले. हाच कल राहिला तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही, असे त्यांनी बजावले.

या भाषणाचा मोठा गुण मला वाटतो तो दाखल्याच्या निवडीचा. मातृभाषेचे गोडवे न गाता ते घरपट्टीचे बिल पुढे ठेवतात. लानगेन्नेख गावच्या बीझ्ली दांपत्याने वेल्शमध्ये बिल आल्याखेरीज पट्टी भरण्याचे नाकारले. जप्तीत घरचे सामान गेले. आठ वर्षांनी, १९६० साली, द्वैभाषिक बिल हाती आले. भाषण ऐकून तरुण जागे झाले, आणि त्याच वर्षी वेल्श भाषा संघ निघाला.

उणीवही सांगितली पाहिजे. लुईस यांची नजर कचेरीवर खिळली. स्वयंपाकघराकडे ती फारशी वळली नाही. कचेरीत मान नसलेली भाषा घरातूनही जाते, हे खरे. परंतु १९६१ च्या शिरगणतीत शेकडा २६ लोक वेल्श बोलत; मधल्या काळात कायद्याने मान दिला, तरी २०२१ साली ते प्रमाण शेकडा १८ वरही राहिले नाही. मुलाला हाक कोणत्या भाषेत मारावी, हे कायदा कसा ठरवणार?

भाकीत खोटे ठरले, यातच त्या भाषणाचे यश आहे. उरलेले काम मात्र आईबापांचे आहे.