थेऊरची अखेर

ऐतिहासिक कथानक पडद्यावर आले की त्याचा निवाडा करणारी दोन न्यायासने आपल्याकडे आपोआप मांडली जातात. पहिले इतिहास-संशोधकांचे; त्याचा निकाल उशिरा लागतो आणि तो वाचणारे थोडे. दुसरे मांडले जाते देवळाच्या ओसरीवर, आरती आटोपून तीर्थप्रसाद हातावर पडल्यानंतर. तेथला निकाल त्याच रात्री लागतो. बेळगावच्या खडेबाजारात दुकानदार लुगड्याची घडी उलगडीत असतानाही तो लागतो; कारण नायिकेच्या अंगावरचा काठ पेशवाईतला की कालपरवाचा, हा प्रश्न तेथे केवळ विद्वत्तेचा राहत नाही, व्यवहाराचाही होतो.

2019 साली कलर्स मराठी वाहिनीवर ‘स्वामिनी’ ही मालिका सुरू झाली आणि या दुसऱ्या न्यायासनापुढे थोरले माधवराव पेशवे व त्यांची पत्नी रमाबाई यांचा खटला पुन्हा उभा राहिला. पुन्हा म्हणावयाचे कारण, याच दांपत्याची कथा दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात ‘स्वामी’ या नावाने दाखविली होती. गजानन जागीरदारांचे दिग्दर्शन, रवींद्र मंकणींचे माधवराव आणि त्या वेळच्या मृणाल देव यांच्या रमाबाई. पुढे मृणाल कुलकर्णी या नावाने त्याच अभिनेत्रीने 2014 मध्ये ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात त्या स्वतः गोपिकाबाई झाल्या आणि मंकणी नानासाहेब. एकेकाळचे रमा-माधव रमेचे सासू-सासरे होऊन पडद्यावर आले, हा योग कोणाही कादंबरीकाराला सुचला नसता.

या साऱ्याचे मूळ मात्र आपल्या शेजारचे आहे. रणजित देसाई कोवाडचे. ताम्रपर्णीच्या काठचे हे गाव चंदगड तालुक्यात येते, आणि 1956 पूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच मोडत असे. ‘स्वामी’ ही कादंबरी 1962 साली प्रसिद्ध झाली व 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून या मुलखातील सुशिक्षित घरांत तिचे स्थान जवळजवळ पोथीसारखे आहे. मालिकेवरच्या वादाची पहिली गोम येथेच आहे. ‘असे घडलेच नव्हते’ असे जे ठासून सांगितले जाते, त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की ‘असे देसायांनी लिहिलेले नाही.’ इतिहास म्हणून जो आधार पुढे केला जातो तो मुळात एका कादंबरीकाराच्या प्रतिभेचा असतो. रमाबाईंविषयी कागदपत्रांतून हाती लागते ते फार थोडे. माधवरावांच्या मोहिमा, तह, सावकारांचे कर्ज, चुलत्याशी झालेले तंटे यांची माहिती विपुल आहे. पतिपत्नींचे संभाषण टिपून ठेवावे अशी त्या काळच्या कारकुनांची रीत नव्हती.

तरीही हे वाद हास्यास्पद आहेत असे आम्हांस वाटत नाही. किंबहुना ओसरीवरचे प्रेक्षक कित्येकदा समीक्षकांहून बारकाईने पाहतात. शनिवारवाड्याचे हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या काळचे; ते थोरल्या माधवरावांच्या प्रसंगात दिसता कामा नये, हे सांगणारी आजी आपल्याकडे भेटते. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी उभ्या उभ्या बोलणारी सून त्या वाड्यात कशी चालली असती, हा तिचा दुसरा प्रश्न. हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो, पण कथेच्या थेट मर्माला हात घालतो. माधवराव 1761 साली सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि 1772 साली सत्ताविसाव्या वर्षी गेले. मधल्या अकरा वर्षांतला केवढा तरी काळ त्यांनी घोड्यावर काढला. 1763 मध्ये राक्षसभुवनावर निजामाशी लढाई. 1764 मध्ये रट्टीहळ्ळीपाशी हैदराशी गाठ. त्याच साली धारवाडचा किल्ला घेतला, म्हणजे स्वारी आपल्या दारापर्यंत आली होती. 1768 मध्ये धोडपला राघोबादादांचा पराभव. आणि पुन्हा कर्नाटक. या धामधुमीत रमाबाईंच्या वाट्याला आले असेल ते मुख्यतः वाट पाहणे. देसायांनी हे ओळखले होते. त्यांच्या कादंबरीतील प्रीतीला वियोगाची धार आहे. दोघांच्या भेटी थोड्या आणि म्हणून मोलाच्या. नावही त्यांनी मोठ्या जाणिवेने निवडले. ‘स्वामींचे सेवेसी’ म्हणून पत्रे लिहिणाऱ्या राज्याचा तो स्वामी आणि रमेचाही तो स्वामी. एका शब्दाच्या दोन वाटेकऱ्यांपैकी राज्याचा वाटा नेहमीच मोठा राहिला, हेच त्या कथेतले दुःख.

दूरदर्शनच्या मालिकेस आठवड्यातून एकदा येण्याची सवलत होती, आणि दिग्दर्शकाच्या गाठीस त्या काळाचा जुना परिचय होता. 1944 साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात जागीरदारांनीच रामशास्त्र्यांची भूमिका केली होती. राज्यकर्त्याला धर्म सांगणारा माणूस कसा बोलतो आणि कोठे थांबतो, हे त्यांना ठाऊक होते. ती मालिका पाहिलेली पिढी आज साठीच्या पुढे आहे आणि तिच्या आठवणीत संवादांइतक्याच त्यांतल्या विरामांना जागा आहे.

रोज अर्धा तास भरून काढावयाचा म्हटला की विराम परवडत नाहीत. नायक मोहिमेवर, नायिका वाट पाहते आहे, एवढ्यावर शेकडो भाग निघत नाहीत. मग वाड्यातच कोणी शत्रू शोधावा लागतो, आणि तो सासूच्या रूपाने आयताच सापडतो. ‘स्वामिनी’त ऐश्वर्या नारकर यांनी गोपिकाबाई उभ्या केल्या. करारी चेहरा, मोजके बोलणे, नजरेतला दरारा. त्यांच्या अभिनयाला बोट ठेवावयास जागा नाही. तक्रार आहे ती त्यांना दिलेल्या कामाची. साध्या घरातून आलेली चिमुकली रमा आणि तिला वाड्याच्या शिस्तीत बसवू पाहणारी कडक सासू, ही जोडी प्रेक्षकांस सत्वर रुचली आणि तेथपासून सारा वाद ‘सासू चूक की सून’ या एका चौकटीत अडकला. सोवळे, जेवणाची पंगत, दागिन्यांचा पेटारा! खडेबाजारातही दोन पक्ष पडले असतील तर ते याच रेषेवर.

आमचे म्हणणे असे की गोपिकाबाईंचे जे मोठे भांडण होते ते स्वयंपाकघरातले नव्हतेच. वाईच्या रास्त्यांच्या घरची ही मुलगी, नानासाहेब पेशव्यांची पत्नी, राजकारणात लक्ष घालणारी, मतांची पक्की. परंपरा सांगते की भावाला झालेल्या शिक्षेवरून त्यांचे मुलाशी वितुष्ट आले. पेशव्यांचा मामा म्हणून दंड माफ करावा असे आईला वाटले, आणि अपराध्याला नाते नसते असे मुलाला. गोपिकाबाई पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. या परंपरेतला तपशील किती खरा हे बाजूस ठेवू. पण नाट्य म्हणून पाहिले तर मातृप्रेम व न्याय यांच्यातला याहून थोर पेच पेशवाईच्या इतिहासात क्वचित सापडेल. वेठबिगार बंद करणारा, रामशास्त्र्यांचे परखड बोल ऐकून घेणारा पेशवा स्वतःच्या आईला नाही म्हणतो, आणि ती आई त्याच्या राज्यातून निघून जाते. ज्या मालिकेच्या हाती असा पेच आहे तिने दागिन्यांच्या पेटाऱ्यावर आठवडा खर्चावा, याला उधळपट्टी म्हणावे की कृपणता, हे आम्हांस ठरविता येत नाही.

या स्त्रीने काय काय पाहिले याचा हिशेब ओसरीवरच्या वादात कोणी मांडत नाही, म्हणून येथे मांडतो. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर पती गेले. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले आणि सून रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेली. 30 ऑगस्ट 1773 रोजी धाकटा नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. त्यानंतरही गोपिकाबाई पंधरा वर्षे जगल्या. नातू सवाई माधवराव याने दिवस कसा घालवावा, केव्हा उठावे, काय शिकावे, कोणाशी कसे वागावे यासंबंधी त्यांनी लिहून पाठविलेला उपदेश इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. सारे गमावलेली म्हातारी बाई पोरक्या नातवाला वळण लावीत बसली आहे, हे दृश्य मनाशी आणून पाहावे. खलनायिकेच्या साच्यात ते मावत नाही.

आता अखेरीविषयी. रमा-माधवांच्या प्रत्येक कथेचा रोख थेऊरकडे असतो. चिंतामणीचे ते देवस्थान माधवरावांचे लाडके. शेवटचे दिवस त्यांनी देवाच्या सान्निध्यात काढले. आजही कार्तिक वद्य अष्टमीला तेथे दोघांची पुण्यतिथी पाळतात, आणि मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंच्या स्मारकापुढे भाविक हात जोडतात. त्या हातांविषयी आमच्या मनात अनादर नाही. पतीच्या मागे राहण्यास नकार देणाऱ्या चोविशी-पंचविशीच्या आतल्या मुलीपुढे मन विनम्र होते, आणि त्याच वेळी भरूनही येते. पण नमस्कार वेगळा आणि कथेचा आदर्श वेगळा. अनेक प्रेक्षक, आणि त्यांत शिकल्यासवरल्या स्त्रियाही, म्हणतात की ती अखेर नसती तर ही प्रीती अपुरी राहिली असती. या म्हणण्याचा मात्र विरोध करणे भाग आहे.

सतीचा प्रश्न केवळ अठराव्या शतकातला असता तर गोष्ट निराळी होती. 4 सप्टेंबर 1987 रोजी राजस्थानात देवराळा येथे अठरा वर्षांची मुलगी पतीच्या चितेवर जळाली आणि तिच्या नावाने चुनरीचा सोहळा झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारला सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरविणारा कायदा करावा लागला. त्यानंतर हा प्रसंग पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येकाने पार्श्वसंगीताची सनई केव्हा सुरू करावयाची याचा दोनदा विचार केला पाहिजे. प्रसंग गाळावा असे आम्ही म्हणत नाही. घडले ते दाखवावेच. पण ज्वाळांमागे सोनेरी प्रकाश पसरून दोघांचे हात हातांत दिले की दुःखाचे पारणे फिटते, आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. ते समाधान शंकास्पद आहे.

येथे तपशिलाचा एक मुद्दा काढतो. त्यावर वाद झालेला आमच्या ऐकिवात नाही. पेशव्यांच्या वाड्यात सती जाणे हा नियम होता काय? बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई 1720 साली विधवा झाल्या आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्या घराच्या आधारस्तंभ राहिल्या. थोरले बाजीराव 1740 मध्ये गेले. काशीबाई त्यानंतर अठरा वर्षे होत्या. त्यांनी काशीयात्रा केली, लोकोपयोगी कामांत पैसा घातला. (2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात त्यांना मस्तानीबरोबर नाचविले म्हणून केवढा गहजब झाला! त्यांच्या वैधव्याच्या वर्षांत डोकावण्याची मात्र कोणाला उत्सुकता नव्हती.) गोपिकाबाईंची सत्तावीस वर्षे वर आलीच. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या म्हणून राहिल्या आणि त्यांच्या पोटी सवाई माधवराव जन्मले. आनंदीबाई राघोबांच्या मागे राहिल्या. म्हणजे वाड्यातल्या ज्या स्त्रिया कथेत येतात त्यांतल्या बहुतेक मागे राहिलेल्याच. रमाबाई सती गेल्या हा त्या घराचा अपवाद होता. कादंबरीकाराला अपवाद निवडण्याचा अधिकार आहे, आणि देसायांनी तो निवडताना मागे राहणाऱ्यांना खाली ढकलले असे म्हणता येणार नाही. त्यानंतर आलेल्यांनी मात्र अपवादाचा नमुना केला. मागे राहणारी ती कमी प्रेमाची, असा एक अलिखित निकाल त्यातून निघाला; आणि ज्यांच्या घरी देवापुढे सांजवात लावणारी एखादी आजी पन्नास वर्षे एकटी राहिलेली आहे, तीच माणसे तो निकाल टाळ्यांनी उचलून धरतात.

शनिवारवाड्यातल्या प्रीतीचीच कथा हवी असेल तर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंकडे वळावे. पानिपतावर त्या स्वतः होत्या. रणातून सुटून परत आल्या. भाऊ पडले हे त्यांनी मानले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. घरच्यांनी त्यांना त्यासाठी बळ केले नाही, हेही त्या काळाला धरून लक्षात ठेवण्याजोगे. पुढे एकजण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि 1776 साली त्या तोतयास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्या बंडावर नाटक लिहिले. पण पुण्यात ती वार्ता येऊन थडकली तेव्हा कुंकू लावून बसलेल्या त्या बाईच्या मनात काय उसळले असेल? खरे असेल तर, खोटे असेल तर, आणि कोण ओळखणार तर मीच. असे सात वर्षांचे, दहा वर्षांचे, शेवटी बावीस वर्षांचे वाट पाहणे. 1783 साली पार्वतीबाई गेल्या, त्या सुवासिनी म्हणून की विधवा म्हणून, यावर ओसरीवर एकदा वाद होऊ द्यावा.