संपादकाच्या टेबलावरून इतिहासाकडे : गोविंद तळवलकरांचे राजकीय इतिहासलेखन

प्रस्तावना

वर्तमानपत्राचा संपादक इतिहास लिहू लागला की अभ्यासकांच्या मनात एक शंका येते. ज्याला रोज संध्याकाळी निकाल द्यायची सवय लागली आहे, त्याला पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणे जमेल का? मराठीत या प्रश्नाचा विचार करताना पहिले नाव गोविंद तळवलकर (१९२५–२०१७) यांचे येते. त्यांच्या दोन ग्रंथांच्या आधारे आपण ही शंका तपासणार आहोत. आपण भिलाईत बसून वाचत आहोत, हेही येथे महत्त्वाचे आहे. ज्या सोव्हिएत संघाचा इतिहास तळवलकरांनी लिहिला, त्याच्या मदतीने हे शहर उभे राहिले.

लेखकाची जडणघडण

तळवलकरांचा जन्म डोंबिवलीचा. ‘लोकसत्ते’त ह. रा. महाजनी यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला, तेव्हा ते तेथे गेले आणि १९६८ ते १९९६ या काळात त्याचे संपादक होते. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत राहिले आणि ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावरील त्यांची मोठी चरित्रे उत्तरायुष्यातली आहेत.

त्यांच्या विचारांवर मानवेंद्रनाथ रॉय आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा प्रभाव होता. रॉय स्वतः कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयचे नेते होते आणि १९२९ मध्ये तेथून बाहेर काढले गेले. त्यामुळे साम्यवादाची जी चिकित्सा तळवलकरांना वारशाने मिळाली, ती त्या चळवळीला आतून ओळखणाऱ्या माणसाची होती. हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांच्या सोव्हिएतविषयक लेखनाचा सूर नीट समजतो.

‘सत्तांतर’ : कागदपत्रांचा इतिहास

‘सत्तांतर १९४७’ हे काम तीन खंडांचे आहे. क्रिप्स योजना, सिमला परिषद, कॅबिनेट मिशन, माउंटबॅटन योजना अशा टप्प्यांनी आपल्याला परिचित असलेला हा काळ. सत्तांतरासंबंधीची ब्रिटिश सरकारी कागदपत्रे १९७० ते १९८३ या काळात १२ खंडांत प्रसिद्ध झाली. व्हाइसरॉय लंडनला काय कळवत होता आणि मंत्रिमंडळ काय ठरवत होते, हे त्यामुळे तारीखवार पाहता येऊ लागले. अशा सामग्रीचा उपयोग करायला संपादकाची नजर कामी येते. कोणी कोणाला केव्हा काय सांगितले आणि जाहीरपणे काय बोलले, यातील फरक हेरणे हा त्याचा रोजचाच उद्योग असतो. तळवलकरांची वाक्ये आटोपशीर आहेत, घटनांचा क्रम स्वच्छ आहे. इंग्रजी ग्रंथांपर्यंत न पोचणाऱ्या मराठी वाचकाला त्यांनी फाळणीच्या वादात स्वतःचे मत बनवण्याइतकी माहिती दिली. ही कामगिरी लहान नाही.

पण या सामग्रीला एक कुंपण आहे. ते १२ खंड ऑगस्ट १९४७ पाशी थांबतात. आपल्या परिसराचे उदाहरण घ्या. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. शेजारी राजनांदगाव व खैरागड ही संस्थाने होती. १५ डिसेंबर १९४७ रोजी सरदार पटेलांनी नागपुरात छत्तीसगडच्या संस्थानिकांशी बोलणी केली आणि १ जानेवारी १९४८ पासून या संस्थानांचा कारभार प्रांताकडे आला. म्हणजे दुर्गच्या माणसासाठी सत्तांतराची तारीख एक आणि राजनांदगावच्या माणसासाठी दुसरी. दिल्ली-लंडनच्या पत्रव्यवहारावर उभ्या राहिलेल्या कथेत हा फरक सहजी दिसत नाही. ‘सत्तांतर’ चुकीचे आहे असा याचा अर्थ नाही. निर्णय कोणत्या खोलीत झाला ते हा इतिहास सांगतो. त्या खोलीबाहेर निर्णय कसा पोचला, हे दुसऱ्या साधनांतून शोधावे लागते.

सोव्हिएत संघ : दोन बाजू

‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ या ग्रंथाचा निकाल शीर्षकातच आहे. तळवलकर ‘साम्राज्य’ हा शब्द जाणूनबुजून वापरतात. हा निकाल पटण्याजोगा आहे. त्याला भिलाईकरांनी केवळ जिव्हाळ्यापोटी विरोध करू नये.

तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. भिलाई पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने विसाव्या पक्ष काँग्रेसमध्ये स्टालिनच्या अत्याचारांविषयी भाषण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधील उठाव चिरडला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बुडापेस्टला रणगाडे पाठवणारे सरकार आणि १० लाख टन क्षमतेचा कारखाना उभारायला अभियंते पाठवणारे सरकार एकच होते.

मैत्रीबागेत वाढलेल्या पिढीला दुसरी बाजू ठाऊक असते. तळवलकरांचा वाचक पहिली शिकतो. दोन्ही एकत्र पाहणे कठीण आहे आणि तेच इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. सत्तेच्या केंद्राकडे पाहणारी संपादकीय दृष्टी मॉस्कोतील पक्षयंत्रणेचे वर्णन उत्तम करते. त्या यंत्रणेतून निघून परक्या देशात भट्टी पेटवणारा तंत्रज्ञ तिच्या टप्प्यात येत नाही.

मर्यादा कोठे जाणवते

१९९१ हे वर्ष घ्या. ऑगस्टमध्ये मॉस्कोत बंडाचा प्रयत्न फसला आणि डिसेंबरअखेर सोव्हिएत संघ संपला. याच दोन घटनांच्या मध्ये, २८ सप्टेंबर रोजी, कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत झोपेत असताना हत्या झाली. कामगारांचे म्हणवणारे राज्य तिकडे कोसळत असताना इकडे कंत्राटी कामगारांची संघटना बांधणारा माणूस मारला गेला. पहिली घटना राजकीय इतिहासात जाते. दुसरीची बातमी होते आणि पुढे ती कामगार चळवळीच्या खात्यात टाकली जाते. ही विभागणी तळवलकरांनी केलेली नाही. ती त्यांच्या लेखनपरंपरेत आधीपासून आहे. तरी त्यांच्या ग्रंथांवर वाढलेल्या वाचकाने ती जशीच्या तशी स्वीकारू नये.

य. दि. फडके यांच्याशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होतो. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ लिहिणारे फडके पेशाने प्राध्यापक. ते पुराव्यांचा ढीग वाचकापुढे मांडतात आणि कधी वाचक त्यात दमतो. तळवलकर पुरावा पचवून निष्कर्ष देतात. वाचक तृप्त होतो, पण निष्कर्ष तपासून पाहायला त्याच्या हाती कमी उरते.

समारोप

आरंभीच्या शंकेचे उत्तर असे देता येईल. तळवलकर थांबू शकले. घाई हा त्यांच्या ग्रंथांचा दोष नाही. त्यांच्या ग्रंथांत संपादकाची सवय उरली आहे ती वेगळी : जेथे निर्णय होतो तेथेच पाहण्याची. म्हणून त्यांचे ग्रंथ प्रथम वाचावेत आणि तेथेच थांबू नये. ज्यांच्या घरात कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा आहेत, त्यांनी ग्रंथ मिटल्यावर त्यांच्याशी एकदा बोलावे.

अभ्यासप्रश्न

१. ‘सत्तांतराची तारीख एकच नव्हती.’ छत्तीसगडमधील संस्थानांच्या आधारे चर्चा करा.
२. तळवलकर आणि फडके यांच्या इतिहासलेखनातील पुराव्याच्या वापराची तुलना करा.
३. ‘साम्राज्य’ ही संज्ञा सोव्हिएत संघाला लावणे कितपत योग्य आहे? भिलाईचा अनुभव लक्षात घेऊन उत्तर लिहा.