इंदूरच्या उकिरड्याचें शास्त्र

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा 1940 सालचा ग्रंथ आजहि मोठ्या भक्तिभावानें वाचला जातो. सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांनीं त्यास पोथीचें स्थान दिलें आहे. आणि पोथीला प्रश्न विचारावयाचे नसतात, हीच आमच्या मतें या ग्रंथावर ओढवलेली आपत्ति होय.

ग्रंथाचा उत्तम भाग इंदुरास घडला. 1924 ते 1931 या काळांत हॉवर्ड तेथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे संचालक होते. पिकांचा टाकाऊ पालापाचोळा, शेण, गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावे, ओलावा राखावा, ढीग मधून मधून उलथावा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत तयार होतें, ही त्यांची कृति. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या टणक, त्या लवकर कुजत नाहींत. म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चुरून घेत. ही युक्ति वाचतांना लेखक शेतांत वावरलेला आहे, याविषयीं संशय उरत नाहीं. ढीग फार ओला किंवा फार दडपलेला झाला कीं हवा कोंडते, दुर्गंधि सुटते आणि नत्र वायां जातो. आमच्या खेड्यांतल्या उकिरड्यांचें बहुधा हेंच होतें; आणि जें शेण तेथवर पोंचत नाहीं, त्याच्या गोवऱ्या होतात. या कृतीवरील पहिला ग्रंथ 1931 सालीं निघाला. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे, तें वाचकांनीं विसरूं नये.

परंतु ढिगापासून दूर जातांच लेखकाचा तोल सुटतो. पुसा येथें त्यांचे बैल लाळ्या-खुरकुतानें आजारलेल्या जनावरांच्या नाकाला नाक घाशीत, तरी त्यांस रोग झाला नाहीं. याचें श्रेय ते चाऱ्याला आणि त्याच्याद्वारें सुपीक जमिनीला देतात. त्या बैलांस पूर्वीं रोग होऊन गेला होता काय? निकृष्ट चाऱ्यावरचे बैल त्याच कुंपणापाशीं बांधून पाहिले काय? हे प्रश्न आमच्या मनांत उभे राहतात. लेखकाच्या मनांत उभे राहिलेले दिसत नाहींत.

रॉथॅमस्टेड येथील 1843 पासूनच्या गव्हाच्या प्रयोगावर तर त्यांचा विशेष राग. त्या शेतांत रासायनिक खतावरील गहू बहुधा शेणखतावरच्या गव्हाच्या बरोबरीनें येत राहिला. येथें हॉवर्ड यांचा पक्ष लंगडा पडतो. पण त्याच शेतांत शेणखताच्या तुकड्यांतील सेंद्रिय कर्ब निव्वळ रासायनिक खताच्या तुकड्यांतल्यापेक्षां दुपटीहून अधिक झाला आहे. ज्या प्रयोगाला ते हिणवतात, तोच त्यांचा भक्कम साक्षीदार!

आणखी एक गोष्ट. 300 एकरांच्या संस्थेंत ढीग उलथावयास माणसें होतीं. दोन बैलांच्या शेतकऱ्याच्या घरीं तें काम कोणी करावयाचें, आणि शेण ढिगांत गेल्यावर चूल कशावर पेटावयाची? आतां गॅस खेड्यांत पोंचला आहे, तरी सिलिंडर पुन्हा भरणें परवडत नाहीं म्हणून गोवऱ्या थापणारीं घरें आहेतच.

ग्रंथ घेणारांनीं इंदूरचीं प्रकरणें आधीं वाचावीं. रोगांविषयींचीं प्रकरणें वाचतांना मात्र पेन्सिल जवळ असूं द्यावी.