खळे आणि कोठार : ‘डॉक्युमेंटा’च्या पंधराव्या प्रदर्शनाविषयी

जर्मनीतील कासेल नगरात १९५५ साली आर्नोल्ड बोडे यांनी आरंभिलेले ‘डॉक्युमेंटा’ हे कलाप्रदर्शन आता दर पाच वर्षांनी भरते व शंभर दिवस चालते. नाझी राजवटीने ‘अधःपतित’ म्हणून हिणविलेल्या कलेला पुन्हा लोकांसमोर आणावे, हा त्याचा मूळ हेतू होता. १८ जून ते २५ सप्टेंबर २०२२ या काळात भरलेल्या पंधराव्या प्रदर्शनाची सूत्रे जकार्ता येथील ‘रुआंग्रुपा’ या कलावंतसंघाकडे होती. आशियातील संघाकडे हा मान प्रथमच गेला. या संघाने प्रदर्शनास ‘लुंबुंग’ हे सूत्र दिले. लुंबुंग म्हणजे इंडोनेशियातील खेड्यांचे सामाईक भाताचे कोठार. गरजेपुरते घरी ठेवून उरलेले धान्य तेथे साठवावे आणि त्याचा विनियोग सर्वांनी मिळून ठरवावा, अशी त्यामागील कल्पना. तिला अनुसरून निधीचा काही भाग सहभागी गटांनी एकत्र ठेवला व त्याविषयीचे निर्णय ‘मजेलिस’ नामक सभांतून घेतले. (हा शब्द मराठवाड्यातील वाचकास परका वाटू नये, आपली मजलस ती हीच.)

कल्पना उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु मराठी वाचकाच्या मनात कोठार हा शब्द येताच त्यामागोमाग खळे येते, आणि तेथूनच आमच्या शंकेस प्रारंभ होतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात खळ्यावरील वाटणीची व्यवस्था तपशिलाने नोंदविली आहे. तेथेही धान्याची रास एक, गाव एक, आणि वाटा प्रत्येकाचा ठरलेला. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ओळी असत. विशेष हे की, अनेक गावांत महार थोरल्या ओळीत गणला जाई. म्हणजे कामाच्या मानाने त्याचा वाटा मोठा. तथापि तोच महार राशीला हात लावू शकत नसे. सामाईकपणा आणि समता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? महार वतनाचे जोखड काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते याच वाटणीविरुद्ध होते. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनास ‘बलुतं’ हे नाव दिले, तेही उगाच नव्हे.

लुंबुंगच्या पुरस्कर्त्यांना हा आक्षेप अन्यायाचा वाटेल. कदाचित त्यांच्या गावातील कोठाराचा इतिहास निराळा असेल. तो सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या प्रदर्शनाने एका गावरूढीस जगाचा आदर्श म्हणून पुढे केले, त्याने इतर गावांतील वाटणीचा विचार करणे आवश्यक होते.

तो विचार त्या प्रदर्शनात एका मराठी कलावंताने केला, असे आम्हांस वाटते. मुंबईचे अमोल पाटील यांची ‘ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स’ ही कृती ह्यूबनर या जुन्या कारखान्याच्या आवारात मांडली होती. (प्रस्तुत लेखकाने ती छायाचित्रे व चित्रफिती यांवरूनच पाहिली आहे, ही मर्यादा वाचकांनी ध्यानी ठेवावी.) पाटील यांचे आजोबा पोवाडे गात, वडील महापालिकेत नोकरी करीत व कामगारांच्या जीवनावर नाटके लिहीत. शिल्पे, ध्वनी, चलच्चित्र आणि प्रत्यक्ष प्रयोग यांतून सिद्ध झालेल्या या कृतीचा विषय आहे शहर झाडणारा सफाई कामगार. त्याच्या पायांत चाकांचे बूट आहेत. ज्याच्या हालचालीवर समाजाने पिढ्यानुपिढ्या बंधने घातली, तो येथे घसरत, गिरक्या घेत जातो. हे चित्र हास्यास्पद होण्याची भीती होती. ते तसे होत नाही, कारण त्या गतीत करमणुकीपेक्षा हट्ट अधिक आहे. पोवाड्याचा वारसाही येथे सुरांत शोधू नये. उभे राहून सर्वांसमोर बोलण्याचा जो अधिकार शाहीर घेतो, तो या कृतीने घेतला आहे. फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांवर पोवाडा रचला, तेव्हा त्यांनीही हेच केले होते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. जात हा शब्द ज्याने अनुभवला नाही, त्या प्रेक्षकास हा केवळ कष्टकऱ्याचा गौरव वाटण्याचा संभव आहे. सफाईचे काम त्याच घरांकडे का येते, हा प्रश्न कृतीत आहे. पण तो इतक्या हळू आवाजात आहे की, चितेगावसारख्या गावी, जेथे दूरचित्रवाणी संचांचा कारखाना शेतांशेजारी उभा राहिला, तेथील वाचकास तो ऐकू येईल, कासेलमध्ये येईलच असे नाही.

प्रदर्शनाची अखेर वादात झाली. योग्यकार्ता येथील ‘तारिंग पादी’ या गटाच्या २००२ सालच्या भव्य पटावर ज्यूद्वेषी आकृती आढळल्या. तो प्रथम काळ्या कापडाने झाकला गेला व २१ जून २०२२ रोजी उतरविला गेला. जुलैमध्ये प्रदर्शनाच्या महासंचालिका पदावरून दूर झाल्या. पट लावला कोणी, पाहिला कोणी, या प्रश्नास सामुदायिक व्यवस्थेत एकाचे नाव घेऊन उत्तर देणे कठीण झाले. ‘गावाने ठरविले’ या उत्तरापुढे एकट्या माणसाची विचारणा कशी थकते, हे वतनाविरुद्ध अर्ज करणाऱ्यांना ठाऊक होते.

पुढे २०२३ साली पाटील यांचे स्वतंत्र प्रदर्शन लंडनच्या हेवर्ड कलादालनात भरले. तेथे कोठार नव्हते, सभा नव्हत्या. पायांची आणि हातांची तीच भाषा होती.