'हॅप' आणि दुर्दैव : अनर्थवाचक इंग्रजी शब्दांविषयी एक विचार

टॉमस हार्डीच्या 'हॅप' या सुनीताचा विषय कोणता, असे पदव्युत्तर वर्गात विचारले असता बहुधा एकच उत्तर येते : दुर्दैव. हे उत्तर अगदीच चुकीचे आहे असे नव्हे; परंतु त्यात कवितेचा प्राणच हरवतो असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'दुर्दैव' या शब्दाच्या पोटात देव आहे, आणि देव नाही हेच तर या कवितेचे दुःख आहे. अनर्थवाचक इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण नकळत त्यांत पदरचे काय घालतो, हे या कवितेच्या निमित्ताने पाहावयाचे आहे.

इंग्रजीतील हे शब्द सामान्यतः परस्परांचे पर्याय म्हणून वापरले जातात. त्यांची कुळे मात्र भिन्न आहेत. काही शब्दांमागे कोणीतरी बोलणारा, निवाडा करणारा किंवा वरून पाहणारा आहे. 'फेट' म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने उच्चारले गेलेले वचन. 'डूम' म्हणजे प्राचीन इंग्रजीत कायदा किंवा न्यायनिर्णय. अनर्थाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. 'डिझास्टर' हा इटालियनमधून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला, तो आपल्याबरोबर अशुभ तारा घेऊनच. 'डिस्मल'ची कथा तर मराठी वाचकास विशेष ओळखीची वाटावी : मध्ययुगीन पंचांगांत दर महिन्याला जे अशुभ दिवस वर्ज्य मानले जात, त्यांचे हे नाव. आज त्याचा उपयोग पावसाळी आभाळाचे वर्णन करण्यापुरता उरला आहे.

दुसरे कूळ पडण्याचे आहे. 'चान्स', 'ॲक्सिडेंट' आणि 'कॅज्युअल्टी' हे तिन्ही शब्द 'पडणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघालेले आहेत. रुग्णालयाच्या 'कॅज्युअल्टी'त रोग्यास नेणारे आपण त्या पाटीकडे या दृष्टीने कधी पाहत नाही. 'हॅझर्ड' हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव. 'हॅप' हा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आलेला. त्याचा अर्थ योग, नशिबाचा कौल. त्यापासून 'मिसहॅप' झाला तसाच 'हॅपी'ही झाला, आणि 'हॅपन' हे अगदी निर्विकार क्रियापदही. म्हणजे हॅप स्वतः बरा नाही आणि वाईटही नाही. फासा पडतो, एवढेच तो सांगतो.

या दोन कुळांतील भांडण जुने आहे. 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आपल्या कर्मांचा दोष सूर्य, चंद्र व ताऱ्यांवर ढकलणाऱ्या जगाची एडमंड थट्टा करतो, तेथे 'डिझास्टर' हाच शब्द येतो. 1608 साली हे नाटक छापले गेले तेव्हा त्या शब्दातील तारा पुरता विझलेला नव्हता. आज तो विझला आहे. आपल्याकडील 2005 च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'डिझास्टर' आहे आणि मराठीत आपण त्याला 'आपत्ती' म्हणतो. ग्रहांची आठवण कोणासच होत नाही.

आता हार्डी. 'हॅप' त्याने 1866 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिहिली. ती प्रसिद्ध झाली 1898 च्या 'वेसेक्स पोएम्स'मध्ये. कवितेतील मागणी विलक्षण आहे. एखादा सूडबुद्धीचा देव वरून हसून म्हणाला असता की तुझे दुःख हाच माझा आनंद, तर मी दात आवळून ते सोसले असते. माझ्याहून बलवान कोणाची तरी ती इच्छा आहे, एवढा तरी आधार मिळाला असता. पण तसे नाही. आंधळी 'कॅज्युअल्टी' ऊन आणि पाऊस अडवते, काळ फासे टाकतो, आणि त्यांनी याच्या वाटेवर दुःखाऐवजी सुखही तितक्याच सहजतेने टाकले असते. निवेदकाला छळणारा हवा आहे, आणि तो मिळत नाही. हे ध्यानात घेतल्यावर 'दुर्दैव' या भाषांतराचा दोष उघड होतो. कविता ज्या आधारास नकार देते, तोच आधार हे भाषांतर शीर्षकातच देऊन टाकते.

आपले इतर शब्दही येथे उपयोगी पडत नाहीत. 'ललाटलेख' म्हटले की लिहिणारा आला, 'ग्रहदशा' म्हटली की ग्रह आले. अरबीतून आलेल्या 'नशीब' शब्दाचा मूळ अर्थ वाटा. वाटा म्हटला की वाटणारा आलाच. 'प्रारब्ध' आणि 'दुर्विपाक' यांत तर देवाचीही गरज नाही. पेरणारे आपणच, पिकले ते आपलेच. कर्मविचारात निरपराध दुःख अशी वस्तूच संभवत नाही, आणि हार्डीच्या निवेदकाचे दुःख नेमके तेच आहे.

याचा अर्थ आपल्या परंपरेला ही कल्पना अपरिचित आहे असा मुळीच नव्हे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणांचा विचार करताना काल, स्वभाव, नियती यांच्या पंक्तीस 'यदृच्छा' बसविलेली आहे, आणि हॅपचा अर्थाने जवळचा शब्द तोच. अडचण आहे ती ध्वनीची. एका अक्षराचा, बोलीतला, जवळजवळ उसासा टाकावा तसा उच्चारला जाणारा शब्द कोठे, आणि पोथीतली यदृच्छा कोठे! त्यापेक्षा मराठीने आपल्या क्रियापदाकडे वळावे असे सुचवावेसे वाटते. 'घडणे' आणि 'घडविणे' यांतील भेद आपल्या व्याकरणात स्पष्ट आहे. 'हे घडले' म्हणताना घडविणारा वाक्यात आणावा लागत नाही. 'हॅप' आणि 'हॅपन' यांचे नाते पाहता हा मार्ग मूळाशी इमानही राखतो.

तथापि हार्डीनेही आपला नकार शेवटपर्यंत पाळलेला नाही, हे सांगितले पाहिजे. कोणीच नाही असे म्हणत असतानाच तो कॅज्युअल्टीला थोरले आद्याक्षर देतो, काळाच्या हाती फासे देतो, आणि अखेरीस दोघांनाही अर्धवट आंधळे 'डूमस्टर', म्हणजे निवाडा देणारे, म्हणतो. पडण्याचे कूळ येथे निवाड्याच्या कुळात येऊन मिळते. काही टीकाकारांस हे शैथिल्य वाटेल. प्रस्तुत लेखकास ते कवितेतील सर्वांत खरे स्थळ वाटते, कारण छळणारा हवाच असलेला माणूस शून्यालाही चेहरा दिल्यावाचून राहत नाही. देवनागरीत थोरली अक्षरे नाहीत; त्यामुळे मराठी भाषांतरात हा चेहरा लिपीने नव्हे, लिंगाने द्यावा लागेल. 'आपदा' स्त्रीलिंगी आहे, 'अपघात' पुल्लिंगी. आणि ऊन-पाऊस अडविणारी ती की तो, हे भाषांतरकारास पहिल्याच क्रियापदापाशी ठरवावे लागते.